चरबीचा निरोप

ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यातील माउंट डेझर्ट बेटावर मोठा वणवा पेटला. बार हार्बर गावाजवळची जॅक्सन प्रयोगशाळा त्यात जळाली आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या निगुतीने जोपासलेले बहुतेक सारे उंदीर मेले. या प्रयोगशाळेने त्याआधी अनेक वर्षे जगभरच्या संशोधकांना उंदीर पुरवले होते. त्याच संशोधकांनी आता आपल्याकडच्या उंदरांची पिल्ले परत पाठवली आणि जुन्याच बीजावर प्रयोगशाळा पुन्हा उभी राहिली.

या घटनेला दोन वर्षेही झाली नव्हती, तोच १९४९ च्या उन्हाळ्यात तिथल्या उंदरांत एक विलक्षण लठ्ठ पिल्लू आढळले. त्याच्या वंशाचा माग काढल्यावर कळले, की हा लठ्ठपणा एकाच जनुकातील बिघाडामुळे येतो आणि तो बिघाड आई व बाप या दोघांकडून आला तरच प्रकट होतो. असे उंदीर सतत खात, फारशी हालचाल करीत नसत, त्यांना पिल्ले होत नसत आणि वजन इतर उंदरांच्या तिपटीपर्यंत जाई. १९५० साली या शोधाची नोंद प्रसिद्ध झाली. त्या जनुकाला ‘ओबीज’ असे नाव मिळाले आणि प्रयोगशाळेच्या बोलीत ते ‘ओबी’ झाले.

त्या काळी मेदपेशींविषयी वैद्यकाला फारसे कुतूहल नव्हते. चरबी म्हणजे गोदाम. जास्तीचे अन्न आले की तिथे भरायचे, कमी पडले की काढायचे. आणि गोदाम भरून वाहू लागले, तर दोष गोदामाचा कसा असेल? तो मालकाचा. लठ्ठ माणसाला तोंडावर ताबा नाही, हे निदान शेजारणीपासून निष्णात डॉक्टरांपर्यंत सर्वांना मान्य होते.

या समजुतीत न बसणारी एक गोष्ट मात्र शरीरशास्त्रज्ञांना खटकत होती. माणूस वर्षभरात लाखो कॅलरी खातो, तरी बहुतेकांचे वजन वर्षाकाठी फार थोडे हलते. इतका काटेकोर हिशेब ठेवणारा कोणीतरी असलाच पाहिजे. १९५३ साली ब्रिटनमधील गॉर्डन केनेडी यांनी असा तर्क मांडला, की साठलेल्या चरबीचे मान मेंदूला कळत असावे आणि त्यानुसार भूक कमीअधिक होत असावी. १९५९ साली हर्वी या दुसऱ्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने उंदरांच्या जोड्या शिवून त्या तर्काला पहिला आधार दिला. शिवण्याची ही रीत पुढे महत्त्वाची ठरणार होती.

डग्लस कोलमन हे मूळचे कॅनडाचे. ऑन्टॅरिओतील स्ट्रॅटफर्ड येथे १९३१ साली जन्मलेले हे जीवरसायनशास्त्रज्ञ १९५८ साली जॅक्सन प्रयोगशाळेत आले, ते एकदोन वर्षे राहून पुढे जाण्याच्या विचाराने. प्रत्यक्षात ते १९९१ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर या प्रयोगशाळेत आणखी एक लठ्ठ उंदीर सापडला. हाही अखंड खाणारा होता, पण याला त्याशिवाय तीव्र मधुमेह होता. त्याच्या जनुकाचे नाव ‘डायबिटीज’ ठेवले गेले, म्हणजे संक्षेपाने ‘डीबी’. दोन्ही उंदरांची लक्षणे मिळतीजुळती होती. बिघाड मात्र वेगवेगळ्या गुणसूत्रांवर होते. कोलमन यांच्यापुढे प्रश्न होता तो असा: या उंदरांच्या रक्तात काही जास्त आहे, की काही कमी आहे?

उत्तर मिळवण्यासाठी त्यांनी हर्वी यांची रीत वापरली. दोन उंदरांच्या कुशीवरची कातडी उघडून ती एकमेकांना शिवायची. जखम भरताना दोघांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या जुळतात आणि एकाचे रक्त थोडेथोडे दुसऱ्यात जाऊ लागते. आज वाचताना अंगावर काटा येतो, परंतु रक्तातून फिरणारा अज्ञात पदार्थ ओळखण्याची त्या काळी याहून सरळ वाट नव्हती.

कोलमन यांनी प्रथम डीबी उंदीर एका निरोगी उंदराला जोडला. डीबी उंदराच्या शरीरात काही फरक पडला नाही, तो खातच राहिला. मेला तो निरोगी उंदीर. त्याच्या रक्तातील साखर अतिशय खाली गेली होती आणि पोटात अन्नाचा कण नव्हता. समोर अन्न असताना तो उपाशी मेला होता. पुन्हा प्रयोग केला, पुन्हा तेच. डीबी उंदराच्या रक्तातून असे काहीतरी पलीकडे जात होते, ज्याने निरोगी उंदराची भूकच विझून जाई. ज्याच्या अंगात ते मुबलक होते, त्या डीबी उंदरावर मात्र त्याचा काहीच परिणाम नव्हता.

पुढची जोडी ओबी आणि निरोगी. या वेळी कोणी मेले नाही. ओबी उंदीर कमी खाऊ लागला आणि त्याचे वजन वाढणे मंदावले. त्याच्याकडे जे नव्हते, ते त्याला शेजाऱ्याच्या रक्तातून थोडेफार मिळू लागले होते.

उरली ती तिसरी जोडी, ओबी आणि डीबी. ती सहज जमणारी नव्हती, कारण दोन्ही जनुके वेगवेगळ्या वंशांच्या उंदरांत होती आणि परक्या वंशाची कातडी शरीर स्वीकारत नाही. दोन्ही बिघाड एकाच वंशात येईपर्यंत थांबावे लागले. अखेर जोडी झाली तेव्हा डीबी उंदीर लठ्ठच राहिला आणि ओबी उंदीर, जो आयुष्यभर खात आला होता, तो अन्न सोडून उपासमारीने मेला.

१९७३ साली कोलमन यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. ओबी उंदराच्या शरीरात तृप्तीचा निरोप तयारच होत नाही. डीबी उंदराच्या शरीरात तो भरपूर तयार होतो, परंतु तो ऐकणारा कान नाही. काही उंदीर, सुईदोरा आणि कठोर तर्क एवढ्याच साधनांवर काढलेला हा निष्कर्ष वीसएक वर्षांनी अक्षरशः खरा ठरला. त्या वेळी मात्र अनेकांना तो पटला नाही. लठ्ठपणा ही वागणुकीची बाब आहे, रक्तातला एखादा पदार्थ तो ठरवू शकत नाही, असे मानणाऱ्यांत मोठमोठे विद्वान होते. तो पदार्थ हाती लागला असता तर वाद मिटला असता. कोलमन यांनी तो अनेक वर्षे शोधला आणि त्यांना तो मिळाला नाही.

तो मिळवला जेफ्री फ्रीडमन यांनी, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात. तेव्हा भूक शमवणारे म्हणून आतड्यात व मेंदूत आढळणाऱ्या कोलेसिस्टोकायनिन या संप्रेरकावर अनेकांचा संशय होता. फ्रीडमन यांनी त्याचे जनुक कुठे आहे ते पाहिले. ते ओबीच्या गुणसूत्रावर नव्हतेच. मग १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर त्यांनी आणि त्यांचे सहकारी रुडॉल्फ लाइबेल यांनी ओबी जनुकाचाच शोध सुरू केला. आज संगणकावर काही क्षणांत दिसणारे जनुक तेव्हा पायी चालत जाऊन गाठावे लागे. हजाराहून अधिक उंदरांचे संकर करायचे, कोणती खूण लठ्ठपणाबरोबर वारशात येते ते पाहायचे, आणि गुणसूत्रावरचा संशयित पट्टा वर्षागणिक आखूड करत न्यायचा. यात सुमारे आठ वर्षे गेली.

मे १९९४ मधल्या एका रविवारी पहाटे फ्रीडमन यांनी अंधाऱ्या खोलीत एक फिल्म धुतली आणि तिच्यावर त्यांना हवे ते दिसले. संशयित जनुक मेदपेशींत काम करीत होते आणि ओबी उंदरांत त्याचे वर्तन बिघडलेले होते. १ डिसेंबर १९९४ च्या ‘नेचर’मध्ये तो शोधनिबंध आला. ‘सडपातळ’ या अर्थाच्या ‘लेप्टोस’ या ग्रीक शब्दावरून त्या जनुकापासून तयार होणाऱ्या प्रथिनाला लेप्टिन हे नाव मिळाले. निबंधाच्या लेखकांत लाइबेल यांचे नाव नव्हते. दीर्घ सहकार्याचा तो शेवट कडवट झाला.

गोदाम बोलते, हे आता सिद्ध झाले होते. चरबी स्वतः एक संप्रेरक रक्तात सोडते, ते मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोहोचते आणि साठा किती आहे ते सांगते.

पुढचे काही महिने उन्मादाचे होते. अ‍ॅमजेन या औषध कंपनीने १९९५ साली या शोधाच्या हक्कांसाठी प्रारंभीच दोन कोटी डॉलर मोजले. त्याच वर्षीच्या जुलैत ‘सायन्स’मध्ये प्रयोगांचे निकाल आले. लेप्टिनची रोजची सुई टोचल्यावर ओबी उंदरांचे वजन दोन आठवड्यांत सुमारे ३० टक्क्यांनी घटले. डीबी उंदरांवर काहीच परिणाम झाला नाही, कोलमन यांनी म्हटले होते तसाच. वर्ष संपता संपता लेप्टिनचा ग्राहक, म्हणजे तो ‘कान’, सापडला आणि डीबी उंदरांत नेमका तोच बिघडलेला निघाला. वर्तमानपत्रांनी लठ्ठपणावरच्या औषधाची वाट पाहायला सुरुवात केली.

फेब्रुवारी १९९६ मध्ये या उत्साहावर पाणी पडले. अमेरिकेतील संशोधकांनी सामान्य वजनाच्या १३६ आणि लठ्ठ अशा १३९ माणसांच्या रक्तातील लेप्टिन मोजले. सामान्य वजनाच्या गटात त्याची सरासरी मिलिलिटरमागे ७.५ नॅनोग्रॅम होती, लठ्ठ गटात ३१.३. म्हणजे चौपट. लठ्ठ माणसे ओबी उंदरासारखी नव्हतीच. निरोप त्यांच्या रक्तात ओरडून सांगितला जात होता आणि मेंदू तो मनावर घेत नव्हता. इन्शुलिन असूनही त्याला पेशी दाद देत नाहीत, ही दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहातली स्थिती डॉक्टरांच्या परिचयाची होती. तिच्या धर्तीवर या अवस्थेला लेप्टिन-रेझिस्टन्स म्हटले जाऊ लागले. नाव ठेवल्याने कारण कळले असे होत नाही, पण वैद्यकात हा भ्रम नेहमीचाच.

ओबी उंदरासारखी माणसे अस्तित्वात होती. ती फार थोडी होती आणि ती मुले होती. जून १९९७ मध्ये केंब्रिजच्या स्टीफन ओ’राहिली आणि सदाफ फारुकी यांच्या गटाने मूळच्या पाकिस्तानी असलेल्या एका कुटुंबातील दोन भावंडांची हकिकत प्रसिद्ध केली. नात्यातच लग्ने झालेल्या त्या घरातील ही चुलत-आते भावंडे होती. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो होते आणि दोन वर्षांच्या मुलाचे २९. दोघांच्याही लेप्टिनच्या जनुकातून एकच अक्षर गळालेले होते. शरीरात एवढी चरबी असूनही रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतेच. मेंदूच्या हिशेबाने ही मुले दुष्काळात जगत होती. जन्मल्यापासून त्यांची भूक शमलीच नव्हती.

अशा घरातल्या आईबापांना काय काय ऐकून घ्यावे लागले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

त्या मुलीवर उपचार सुरू झाले तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि तिचे वजन ९४ किलोंवर गेले होते. रोज लेप्टिनची एक सुई. वर्षभरात तिचे वजन १६.४ किलोंनी उतरले. तिच्यावर कोणी पथ्य लादले नव्हते, तिने मन घट्ट केले नव्हते. भूक तेवढी माणसासारखी झाली. हा वृत्तान्त सप्टेंबर १९९९ मध्ये छापून आला. पुढच्याच महिन्यात सर्वसाधारण लठ्ठ माणसांवरच्या चाचणीचे निकाल आले. २४ आठवडे सर्वांत मोठी मात्रा घेतलेल्या मोजक्या लोकांचे वजन सरासरी ७.१ किलोंनी घटले, खोट्या सुईवरच्या गटाचे १.३ किलोंनी. त्यातही माणसागणिक फार तफावत होती आणि सुईच्या जागी कातडी लाल होऊन सुजत असे. बाजारात विकण्यासारखे हे औषध नव्हते. अ‍ॅमजेनने पुढे २००६ साली आपले हक्क अ‍ॅमिलिन या दुसऱ्या कंपनीला विकून टाकले.

लेप्टिनची कथा सहसा इथवरच सांगितली जाते: मोठा गाजावाजा आणि फसलेले औषध. पण या संप्रेरकाचा खरा अर्थ हर्षवायूच्या त्या दिवसांतच एका वेगळ्या प्रयोगाने समोर आणला होता.

बोस्टनमधील जेफ्री फ्लायर यांच्या गटाने १९९६ साली निरोगी उंदरांना दोन दिवस उपाशी ठेवले. उपास पडला की शरीर काटकसरीला लागते. थायरॉइडचे काम मंदावते, ताणाची संप्रेरके वाढतात, मादीचे ऋतुचक्र लांबते. याच उपाशी उंदरांना बाहेरून लेप्टिन टोचले, तर हे बदल बरेचसे टळत. म्हणजे रक्तातील लेप्टिन घसरणे हीच शरीराच्या लेखी दुष्काळाची दवंडी होती. जुन्या घरात कणगीचा तळ दिसू लागला की लेकीचे लग्न पुढच्या साली ढकलले जाई, पाहुणे टाळले जात, दिवा लवकर मालवला जाई. मेंदू लेप्टिनकडे पाहतो तो असा. कणगी रिकामी होत आल्याची बातमी तो तत्काळ ऐकतो. ती भरून सांडते आहे, या बातमीची निसर्गाच्या लाखो वर्षांच्या अनुभवात फारशी गरज पडली नसावी. ओबी उंदराला पिल्ले का होत नव्हती, याचाही उलगडा इथे होतो. अंगावर चरबीचे डोंगर असताना त्याचा मेंदू उपाशी होता, आणि उपाशी शरीर संततीचा विचार करीत नाही.

मग लेप्टिनचा उपयोग कोणाला? ज्याची कणगी खरोखरच रिकामी आहे त्याला. आणि असे रुग्ण वैद्यकाला १९९४ च्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते.

१९४६ साली लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स यांनी एका तरुण स्त्रीचे वर्णन प्रसिद्ध केले. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते, इन्शुलिनमुळे वाचले होते आणि कादंबरीकार एच. जी. वेल्स यांच्यासह त्यांनी ब्रिटनमध्ये मधुमेहींची संघटना उभारली होती. त्यांच्या या रुग्ण स्त्रीच्या अंगावरची चरबी नाहीशी झाली होती. यकृत मात्र सुजून मोठे झालेले, रक्त चरबीने दाटलेले आणि मधुमेह अनावर. पुढे ब्राझीलमध्ये बेरार्डिनेली यांनी १९५४ साली आणि नॉर्वेत साइप यांनी १९५९ साली जन्मतःच असे असलेली मुले नोंदवली. या विकाराला लिपोडिस्ट्रॉफी म्हणतात. गाल बसलेले, स्नायू कोरून काढल्यासारखे, शिरा उठून दिसणाऱ्या, आणि खा खा सुटलेली.

यातला विरोधाभास ध्यानात घेण्यासारखा आहे. चरबी फार झाली तर मधुमेह होतो, हे सर्वांना माहीत. चरबी अजिबात नसली तरी तोच मधुमेह, तेच चरबीने भरलेले यकृत. कारण खाल्लेल्या अन्नातले जास्तीचे स्निग्ध कुठेतरी साठवावेच लागते. मेदपेशी नसतील, किंवा होत्या त्या भरून गेल्या असतील, तर ते यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसते, आणि तिथे बसले की इन्शुलिनला दाद मिळेनाशी होते. चरबीला शत्रू मानणाऱ्यांनी ही गोष्ट कधी विचारात घेतली नव्हती.

१९९९ साली डॅलसमधील मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेने चरबीहीन उंदरांना लेप्टिन दिले आणि त्यांचा मधुमेह ओसरला. तेवढेच कमी अन्न देऊन पाहिले, तर हा परिणाम साधला नाही. म्हणजे लेप्टिन केवळ भूक आवरीत नव्हते. मग माणसांवर चाचणी झाली आणि २००२ साली तिचे निकाल आले. लिपोडिस्ट्रॉफी असलेल्या नऊ स्त्रिया व मुली, त्यांपैकी आठ जणींना मधुमेह. चार महिने लेप्टिन टोचल्यावर त्यांच्या रक्तातील ट्रायग्लिसराइडचे प्रमाण ६० टक्क्यांनी उतरले, गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारे एचबीएवनसी सरासरी १.९ अंकांनी खाली आले आणि फुगलेली यकृते आक्रसली. इन्शुलिनच्या प्रचंड मात्रांना न जुमानणारा मधुमेह चरबीच्या एका निरोपाने ताळ्यावर आला.

इथे पुण्याचा उल्लेख करणे भाग आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत गरोदर स्त्रिया व त्यांच्या बाळांचा अभ्यास करीत होते. त्यांना दिसले, की इथली बाळे ब्रिटनमधल्या बाळांच्या तुलनेत वजनाने बरीच हलकी असतात, परंतु ती उणीव स्नायूंत आणि पोटातील अवयवांत असते. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने शाबूत असते. २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापले गेले. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचे अगदी सारखे, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाला ऐन उमेदीत मधुमेह का गाठतो, याचे एक उत्तर त्या छायाचित्रात आहे.

कोलमन यांनी याच्याशी जुळणारी गोष्ट उंदरांत फार आधी पाहिली होती. ओबीचा तोच बिघाड एका वंशात आला, तर उंदीर लठ्ठ होई, पण त्याचा मधुमेह सौम्य राही. दुसऱ्या वंशात आला, तर स्वादुपिंडच थकून जाई आणि मधुमेह जीव घेई. लठ्ठपणा सारखाच असला, तरी त्याची किंमत कोणाकडून किती वसूल होणार, हे बाकीचे शरीर ठरवीत होते.

कोलमन आणि फ्रीडमन यांना २००९ साली शॉ पुरस्कार आणि २०१० साली लास्कर पुरस्कार एकत्र मिळाला. निवृत्तीनंतर कोलमन मेनमधल्याच लॅमोइन गावी आपल्या रानाची निगा राखत राहात होते. २०१३ साली जपानने आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिकेने मेट्रेलेप्टिन या नावाने लेप्टिनला औषध म्हणून मान्यता दिली. अमेरिकेची मान्यता लठ्ठपणासाठी नव्हती. सर्वांगावरची चरबी हरपलेल्या रुग्णांपुरतीच ती होती, आणि शरीराने औषधाविरुद्धच प्रतिपिंडे तयार करण्याचा व लिम्फोमा या कर्करोगाचा धोका नमूद करणाऱ्या ठळक इशाऱ्यासह ती आली. त्यानंतर दोन महिन्यांनी, १६ एप्रिल २०१४ रोजी, कोलमन लॅमोइनच्या घरी वारले.